वीतभर अंतर : घरातल्या जुन्या आवाजांचं रेकॉर्डिंग कसं करावं

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून गाणी म्हणणाऱ्या आमच्याकडच्या बहुतेक बाया आता सत्तरीपुढे गेल्या. नातवाला हे एक दिवस अचानक जाणवतं. तो मोबाइल काढतो, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून रेकॉर्डिंग करतो. रात्री ऐकतो तर पुढे पंख्याची घरघर, मध्ये कुणाच्या तरी बाळाचं रडणं आणि पार मागे, विहिरीतून बोलल्यासारखी, आजी. मग तो ठरवतो की चांगला माईक घ्यायला पाहिजे. चार हजारांचा माईक येतो. पुढच्या आखाजीला तो माईक घेऊन पुन्हा त्याच टोकाला उभा राहतो.

माझं लहानपण अमळनेर तालुक्यात लाऊडस्पीकरच्या दुकानात गेलं. लग्न, सप्ताह, कानबाई देवीचा उत्सव, निवडणूक, जे काही असेल तिथे आमचे भोंगे बांधलेले. माईक हातात देताना दुकानातले अण्णा प्रत्येकाला एकच शब्द सांगायचे : "वीतभर." सरपंच असो की कीर्तनकार. पुढे मी अहिराणी लग्नगीतं, वही (आमच्याकडचा लोकगायनाचा एक प्रकार), जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला लागलो. टेप गेली, कार्ड आलं, माईक चार वेळा बदलले. अण्णांची वीत मात्र अजून तीच आहे, साधारण नऊ इंच.

तेव्हा खाली जे सांगतो आहे त्यात माईक तिसऱ्या नंबरावर येतो. आधी जागा, मग वेळ.

जागा : कापसाची खोली

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आली, 'टाक्' ऐवजी 'टाऽऽक्' झालं, तर ती खोली सोडा. नवीन स्लॅबची घरं याच कारणाने वाईट : गुळगुळीत भिंती, फरशी, वर सपाट सिमेंट. आवाज चेंडूसारखा उड्या मारत राहतो. जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं त्या मानाने फार चांगली. ओबडधोबड मातीच्या भिंती, कोनाडे, वर लाकडी पाट्या. आवाज आपटतो, पण विखरून जातो.

सगळ्यात उत्तम जागा कोणती म्हणाल, तर भाव वाढायची वाट बघत ज्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो ती. तीन बाजूंनी कापसाचा ढीग आणि मधे बसायला जागा. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना जे फोम आणि पडदे लावतात, त्यांचं काम इथे फुकट होतं. एकच गोष्ट सांभाळा : साठवलेल्या कापसात बारीक किडे असतात आणि अंग खाजतं. आजीला तिथे तासभर बसवू नका. दोन गाणी, मग बाहेर चहा, मग पुन्हा दोन गाणी.

कापूस नसेल तर गोधड्या. दोन खाटा उभ्या करा, त्यांच्यावर गोधड्या टाका आणि गाणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागे व बाजूला लावा. पाठीमागे का? कारण माईकचं तोंड तिच्याकडे असतं, म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाजच त्यात सरळ शिरतो. खाली सतरंजी हवीच.

आता अंतराचा हिशेब, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. वीतभर अंतरावर आजी पुढे असते, खोली मागे. चार विती केल्या की आजी बारा डेसिबल मागे सरकली आणि खोली पुढे आली. ती विहीर इथून येते. कितीही महागडा माईक हा हिशेब बदलू शकत नाही.

वेळ : लाइट गेली की

आपल्याकडे लाइट गेली की लोक वैतागतात. मी बॅग उचलतो. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारच्या बोअरची मोटार बंद, टीव्ही बंद. शिवाय सगळं यंत्र बॅटरीवर चालत असल्यामुळे विजेच्या लाइनची, ५० हर्ट्झची ती 'घूं' येत नाही. लाइट असतानासुद्धा चार्जर लावून रेकॉर्डिंग कधीच करू नका. निम्म्या वेळा घूं तिथूनच येते.

पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवणं हा अघोरीपणा आहे. त्या दिवसांत पहाटे जा. जात्यावरची गाणी तशीही पहाटेचीच. कोंबडा आरवला तर आरवू द्या. कोंबड्याने गाणं बिघडत नाही, पंख्याने बिघडतं, कारण कोंबडा थांबतो.

फोन एअरप्लेन मोडवर. तुमचाच नाही, खोलीतल्या सगळ्यांचा. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढा. टिकटिक कानाला खटकत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये सुतारपक्ष्यासारखी वाजते. जाताना सेल परत घाला; मी एका घरात विसरलो होतो आणि त्या घरातल्या पोराची कॉलेजची एसटी चुकली.

माईक : कोणता माईक माणसाला कसं बसवतो

माईकचा इतिहास मी दुकानात शिकलो तो उलटा, म्हणजे आधी बिघडलेले माईक उघडून. पण तो सरळ क्रमाने कळला तर विकत काय घ्यायचं हेही कळतं. प्रत्येक नव्या माईकने गाणाऱ्याला थोडं मोकळं केलं आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या आवाजाच्या तबकड्या झाल्या, तेव्हा माईक नव्हताच. एक मोठा कर्णा होता. त्यात तोंड घालून जोरात गायचं. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. विजेचा संबंध नाही. हळू गायलं तर रेघच उमटणार नाही. कार्बन माईक तेव्हा होता, १८७० च्या दशकाच्या शेवटीच तो निघाला होता, पण तो टेलिफोनसाठी. पडद्यामागे कोळशाचे कण भरलेले. आवाजाने ते दाबले-सुटले की विजेचा प्रवाह कमी-जास्त होई. बोलणं समजायचं, पण गाण्यासाठी तो खरखरीत होता.

१९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर माईक तयार केला. पुढे धातूचा पातळ पडदा, मागे जाड पाटी, मधे बारीक फट; पडदा आवाजाने हलतो. १९२५ पासून तबकड्यांचं रेकॉर्डिंग विजेवर व्हायला लागलं आणि गायक पहिल्यांदा कर्ण्यातून तोंड बाहेर काढून नेहमीच्या आवाजात गायला लागले. हे सगळ्यात मोठं वळण. तुमची आजी खालच्या पट्टीत, अर्धं स्वतःशीच गुणगुणते, ते आज टिपता येतं ते या कंडेन्सरच्या वंशामुळे. मात्र स्टुडिओतल्या कंडेन्सरला बाहेरून ४८ व्होल्ट लागतात, त्याला फॅंटम पॉवर म्हणतात. ओलावा आणि धूळ त्याला सोसत नाही. चुलीजवळ तर नेऊच नका.

दुसरी जात डायनॅमिक. पडद्याला तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती लोहचुंबक. थोडक्यात स्पीकर उलटा केला की डायनॅमिक माईक होतो. त्याला वीज लागत नाही, पडला तरी सहसा मरत नाही. शुअर कंपनीने १९३९ मध्ये युनिडाइन काढला, तो जुन्या फोटोंत दिसणारा चकचकीत पट्ट्यांचा माईक. एकाच कॅप्सूलमध्ये पुढचा आवाज घेणारा आणि मागचा टाळणारा तो पहिला डायनॅमिक माईक. १९६६ मध्ये त्याच कंपनीचा एसएम ५८ आला, गोळ्याच्या आकाराच्या जाळीचा. आज कुठल्याही मांडवात जो माईक दिसतो तो एकतर हा असतो, नाहीतर याचा चुलतभाऊ. आमच्या दुकानात मशीनं (ॲम्प्लिफायर) अहुजा कंपनीची आणि माईकही बहुतेक अहुजाचेच. पोत्यात टाकून सायकलवर नेले तरी संध्याकाळी चालायचे.

मांडवासाठी डायनॅमिक उत्तम. घरात हळू आवाजात गाणाऱ्या म्हातारीसाठी मात्र मी तो टाळतो. एक तर तो आवाज उचलण्यासाठी गेन, म्हणजे यंत्रात माईकचा आवाज किती उचलायचा ते प्रमाण, फार वाढवावा लागतो आणि मग मागे 'स्स्स' ऐकू येतं. दुसरं, या पुढून ऐकणाऱ्या माईकला तोंड अगदी चिकटवलं की खर्ज फुगतो. पुढाऱ्यांना ते आवडतं, पण आजीचा आवाज त्यात आजीचा राहत नाही.

तिसरा, आणि आपल्या कामाचा, इलेक्ट्रेट. १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी असा कंडेन्सर केला की ज्याच्या पडद्यातच विजेचा भार कायमचा कोंडलेला असतो. त्यामुळे तो एवढ्याशा सेलवर चालायला लागला, स्वस्त झाला, टेपरेकॉर्डरमध्ये, टेलिफोनमध्ये, सगळीकडे गेला. कपड्याला लावायचा कॉलर माईक म्हणजे हाच.

आता घ्यायचं काय? हातात हजार-दीड हजार रुपये असतील तर वायरचा कॉलर माईक घ्या आणि मोबाइलला जोडा. तो सगळ्या बाजूंनी ऐकतो, म्हणून मान वळली तरी आवाज पडत नाही. पदराच्या काठाला, हनुवटीपासून वीतभर खाली लावा. मंगळसूत्र आणि बांगड्या त्याच्यावर घासणार नाहीत हे बघा. दागिना काढायला सांगू नका, माईक बाजूला करा.

पैसे थोडे जास्त असतील तर हातात धरायचा छोटा रेकॉर्डर घ्या, झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा. वर दोन माईक, आत कार्ड, हेडफोनला जागा. दोघी-चौघी मिळून गाणार असतील तर कॉलर माईक उपयोगाचा नाही, हाच लागतो. मला विचाराल तर ब्लूटूथचं कुठलंही खेळणं यासाठी घेऊ नका.

कॉलर माईकचा एक सापळा सांगतो, कारण मी त्यात पडलो आहे. पारोळ्याच्या बाजूला एका वहीच्या फडाचं दोन तास रेकॉर्डिंग केलं. मोबाइलला गोल पिनची जागा नव्हती म्हणून बाजारातून टाइप-सीचा कन्व्हर्टर घेतला होता. घरी येऊन ऐकतो तर दोन तास खिशातल्या कापडाची घासाघीस. तो कन्व्हर्टर फक्त ऐकण्यापुरता होता, माईकची तार त्यात जोडलेलीच नव्हती. मोबाइल आपला स्वतःच्याच माईकने खिशातून ऐकत बसला. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाइलची, दोन असतील तर कॅमेऱ्याची किंवा रेकॉर्डरची. काही माईकच्या डबीवर मोबाइल की कॅमेरा ते निवडायचं बटण असतं, तेही बघा. पण खात्रीची परीक्षा एकच : रेकॉर्डिंग चालू करा, माईकवर नख घासा, मग मोबाइलच्या अंगावर नख घासा, आणि ऐका. कोणतं घासणं मोठं आलं त्यावरून कळतं की ऐकतंय कोण.

स्टँड : बसणाऱ्यासाठी

बाजारातले बहुतेक स्टँड उभं राहून भाषण करणाऱ्या पुरुषासाठी केलेले असतात. आपली गाणारी मांडी घालून जमिनीवर बसलेली, तोंड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. म्हणून आखूड स्टँड घ्या, नाहीतर बूम असलेला, म्हणजे आडवी दांडी असलेला. बूम वापरताना दांडी तिन्ही पायांपैकी एका पायाच्या बरोबर वर येऊ द्या. दोन पायांच्या मधे आली की माईकच्या वजनाने स्टँड सावकाश, अगदी गाण्याच्या मधोमध, आडवा होतो. मागच्या टोकाला पाण्याची बाटली अडकवली की तोल राहतो.

जुन्या गोल लोखंडी बैठकीच्या स्टँडना लोक आता हसतात. माझ्याकडे अण्णांचा एक अजून आहे. उचलताना कंबर बोलते, पण पोराचा पाय लागून तो पडलेला मी पाहिला नाही. नवा क्लिप जुन्या स्टँडवर बसत नसेल तर आटे वेगळे आहेत असं समजा. आट्यांची दोन मापं चालतात, तीन अष्टमांश आणि पाच अष्टमांश इंच, आणि मधे घालायची पितळी रिंग दहा-वीस रुपयांत मिळते. ती दोन-चार घेऊनच ठेवा, हरवतेच.

स्टँडच नसेल तर? डब्यावर डबा, वर उशी, उशीवर रेकॉर्डर. हातात मात्र धरू नका, बोटांची हालचाल रेकॉर्ड होते.

जात्यावर गात असेल तर गोष्ट बदलते. जात्याची घरघर जमिनीतून स्टँडच्या पायांत चढते, म्हणून स्टँडखाली चौपदरी गोधडी. माईक तोंडाच्या थोडा वर आणि समोर ठेवून खाली तोंडाकडे रोखा, दगडाकडे नाही. दगडाचा आवाज तरीही येईल आणि यायलाच हवा. कुणी जाणकार सांगेल की आधी नुसतं गाणं घ्या, जात्याचा आवाज नंतर मिसळा. ऐकू नका. खुंटा हातात नसला की ओवी आठवत नाही, हे मी निदान वीस घरांत पाहिलं आहे. हात फिरला की ओळ येते.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून त्या ओव्या उरल्या. पण कागदावर शब्द उतरतात. जात्याच्या कोणत्या फेऱ्यावर श्वास घेतला, कोणतं अक्षर लांबवलं, ते कागदाला माहीत नसतं. तुमच्या हातातल्या यंत्राला माहीत असतं, म्हणून घरघरीसकट सगळं घ्या.

काटा

रेकॉर्डरवर वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी जागा जाते. आताच्या कार्डांना ते काहीच नाही. एमपी३ मध्ये थेट रेकॉर्ड करू नका, त्यातून जे गेलं ते परत येत नाही.

आजीला तिचं सगळ्यात वरच्या पट्टीतलं गाणं म्हणायला सांगा आणि गेन असा ठेवा की आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला लागला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. कमी आलेला वाढवता येतो. तालमीपेक्षा खऱ्या गाण्यात माणूस नेहमी मोठ्याने गातो हेही धरून चाला. 'ऑटो लेव्हल' बंद; नाहीतर गाणारी श्वास घ्यायला थांबली की यंत्र खोलीचा आवाज फुगवतं आणि तिने सुरुवात केली की दाबतं. मोबाइलमध्ये 'नॉइज सप्रेशन' असेल तर तेही बंद. ते बोलण्यासाठी केलेलं असतं, लांबवलेला सूर त्याला पंखा वाटतो.

आणि हेडफोन कानाला लावा. लाज वाटते, मान्य.

कानबाईच्या मिरवणुकीत किंवा तापीच्या काठावर उघड्यावर काम असेल तर वारा हा पहिला शत्रू. माईकवरचा फोम हलक्या झुळकेपुरता. त्यावर केसाळ कापडाची टोपी लागते; जुन्या टेडी बेअरचं कातडं शिवून मी केलेली टोपी आठ वर्षं चालली आहे. बँडजवळ गेन अर्ध्याहून खाली आणा.

गाण्याआधी दोन मिनिटं

गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. कारण साधं होतं : तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना कोणती कुणाची ते कळायला हवं. ही सवय उचला. रेकॉर्डिंग चालू करून आधी तुम्ही बोला : तारीख, गाव, गाणाऱ्या व्यक्तीचं नाव, माहेर कोणतं. माहेर विसरू नका. साक्रीची लेक चोपड्याला सून म्हणून आली असेल तर चाल साक्रीची असते.

मग त्यांची परवानगी घ्या, तीही रेकॉर्डिंग चालू असताना. हे कुठे टाकणार, कोण ऐकणार, ते त्यांच्या भाषेत सांगा. "माय, आते म्हन" (आई, आता म्हण) एवढं म्हणून मोकळं होऊ नका. लग्नातल्या काही गाण्यांत व्याह्यांना अशा शिव्या असतात की त्या चार बायांत चालतात, इंटरनेटवर नाही. गाणारी नाही म्हणाली तर नाही.

गाणं संपलं की लगेच बंद करू नका. दहा सेकंद गप्प. मग बंद. त्या शांततेचा दोन प्रकारे उपयोग होतो : साफ करताना खोलीचा नमुना मिळतो, आणि अर्ध्या वेळा त्याच दहा सेकंदांत आजीला पुढचं कडवं आठवतं.

ट्रंकेतल्या कॅसेट

कित्येक घरांत आधीच रेकॉर्डिंग झालेलं असतं आणि कुणाला माहीत नसतं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, ऐंशीच्या दशकात ती आपल्या खेड्यांत पोचली, आणि कुणीतरी काकांनी लग्नातली गाणी टेप करून ठेवलेली असतात. पत्र्याखालच्या ट्रंकेत तीस-चाळीस उन्हाळे खाऊन झालेली.

आधी कॅसेटच्या कडेच्या दोन खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. पेन्सिल घालून फीत हाताने थोडी फिरवा; अडकत असेल तर मशीनमध्ये घालू नका. फीत उघडी दिसते त्या कडेतून बघा, फितीमागचा स्पंजचा तुकडा जागेवर आहे का. तो पडला असेल तर आवाज दबका येतो, आणि दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या डबीत फीत बदलून काम होतं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, जाणकाराकडे द्या. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती पुढे-मागे पळवू नका, सरळ एकदाच वाजवा.

टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग टेपच्या लाइन-आउटमधून वायर थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये. स्पीकरसमोर मोबाइल धरून कॉपी करणाऱ्यांना मी हात जोडतो. मूळ कॅसेट कॉपी झाल्यावर फेकू नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री तीन प्रती : एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. मूळ फाइलला हात लावायचा नाही. साफसफाई कॉपीवर. त्यासाठी ऑडॅसिटी हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापा, ट्रॅक्टरची बरीच धडधड जाते. नॉइज रिडक्शन अगदी थोडं. जास्त दिलं की आजी पाण्याखालून गाते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव, नाव. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' अशा नावाने कुणाला काही सापडलेलं नाही.

गाणाऱ्या घराला त्यांची प्रत द्यायचीच. वेव्ह फाइल देऊन उपयोग नाही, कारण त्या घरात गाणी वाजतात ती ट्रॅक्टरच्या टेपवर, आणि तो बहुधा एमपी३ च घेतो. १९२ केबीपीएसच्या दराने एमपी३ करा, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. आणि निघण्याआधी ट्रॅक्टर बंद ठेवून, नुसती चावी फिरवून, एकदा वाजवून बघा.